मेलच्या प्रती किती ठिकाणी आहेत, ते आधी मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकच्या अंबड एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, ४५ जणांकडे कंपनीचा ईमेल. निम्मे लोक स्वतःच्याच मोबाइलवर मेल बघतात. सेल्समधला एक जण नोकरी सोडून दुसऱ्या कंपनीत गेला, त्याच्या फोनवर अजून मेल दिसत असतील का, ही धास्ती. जुने मेल अकाउंट्समधल्या दोन डेस्कटॉपवर पीएसटी फाइलमध्ये (आउटलुक मशीनवरच मेल साठवतं ती फाइल) पडलेत. लोकांकडच्या मशीनवरचे मेल आणि हे जुने मेल, दोन्ही सुरक्षित कसे ठेवायचे आणि त्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं?

सॉफ्टवेअरचं शेवटी बोलू. ते आधी घेतलं की बाकीचं राहून जातं, हे मी सातपूर, अंबड, सिन्नर पट्ट्यात इतक्यांदा पाहिलंय की आता पहिल्या भेटीत कोटेशन देतच नाही.

तुम्ही दोन प्रश्न म्हणून विचारलंत, पण मूळ एकच आहे. अकाउंट्सच्या डेस्कटॉपवर पीएसटी का साठल्या? वेबसाइटच्या होस्टिंगसोबत फुकट मिळालेला मेल, प्रत्येकाला जेमतेम एक जीबी जागा. ती भरली की ग्राहकाचा मेल परत जायचा, साहेब ओरडायचे, मग कोणीतरी आउटलुकमध्ये पीओपी (मेल सर्व्हरवरून मशीनवर उतरवायची जुनी पद्धत) लावून सगळं खाली ओढलं. म्हणजे कंपनीचं दप्तर एका क्लार्कच्या टेबलाखाली आपोआप तयार झालं. ज्या कंपनीत सर्व्हरवर भरपूर जागा आहे आणि तीन वर्षांपूर्वीचा मेल दहा सेकंदांत सापडतो, तिथे कोणी मेल आपल्या मशीनवर साठवायच्या भानगडीत पडत नाही. जुने मेल एका ठिकाणी नीट लागले की लोकांच्या मशीनवरचा निम्मा धोका तिथेच संपतो.

म्हणून पहिलं काम मोजणीचं. एक मेल घ्या. चाकणच्या ग्राहकाने नव्या ब्रॅकेटचं ड्रॉइंग पाठवलं. ते सर्व्हरवर आलं. सेल्सवाल्याच्या लॅपटॉपवर आउटलुकने त्याची एक प्रत ओएसटी फाइलमध्ये ठेवली. त्याच्या मोबाइलवर एक. सीसीमध्ये मालक होते, त्यांच्या आयपॅडवर एक. सेल्सवाल्याने ते प्रॉडक्शनला फॉरवर्ड केलं, प्रॉडक्शनच्या सामायिक आयडीचा पासवर्ड पाच जणांना माहीत. त्यातल्या एकाने ते डाउनलोड करून टूलरूमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. सातपूरच्या एका युनिटमध्ये मालकांच्या शेजारी बसून अशाच एका ड्रॉइंगच्या प्रती मोजल्या होत्या, अकरा निघाल्या. अकरापैकी कुलूप लावलेल्या दोन. शेठ म्हणाले, "अहो, मी तर फायरवॉल घेतलाय ना." फायरवॉल चांगलाच होता. त्या अकरापैकी सात प्रती त्याच्या बाहेर होत्या, एवढंच.

मोजताना प्रत्येक मशीनवर आउटलुकची अकाउंट सेटिंग उघडून 'टाइप'च्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. पीओपी दिसलं की थांबा. पीओपी मेल खाली ओढतो आणि सहसा काही दिवसांनी सर्व्हरवरून पुसतो. म्हणजे ते मशीन जळालं, चोरीला गेलं किंवा पावसाळ्यात विजेच्या झटक्याने डिस्क बसली की मेल संपले. आयमॅप किंवा एक्स्चेंज असेल तर मूळ प्रत सर्व्हरवर राहते. पीओपी सर्व्हरच्या बाजूने बंद करून टाका, लोकांच्या मर्जीवर ठेवू नका.

आता तुमच्या पीएसटीबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त भीती त्यांचीच वाटते. अशा एका ऑफिसमध्ये गेलो होतो. टेबलाखाली सीपीयू, त्यावर उदबत्तीच्या राखेचा थर, आणि आत ४७ जीबीची एकच पीएसटी. आउटलुक उघडायला सहा-सात मिनिटं. अकाउंट्सच्या ताईंनी त्याची सवय करून घेतली होती, मशीन चालू करून त्या चहाला जायच्या. आउटलुकमध्ये पीएसटीची मर्यादा मुळात ५० जीबी असते, तिथवर पोचली की नवीन मेल आत जात नाही, आणि एवढी मोठी फाइल एकदा बिघडली की दुरुस्तीच्या टूलमधून काय वाचेल याचा भरवसा नसतो. ताईंनी खबरदारी म्हणून तिची प्रत ड्रॉवरमधल्या पेन ड्राइव्हवर ठेवली होती, वर पेनाने लिहिलेलं: 'सर मेल जुने'. ड्रॉवरला किल्ली नव्हती.

"पण पीएसटीला पासवर्ड आहे," असं तुम्ही म्हणाल. त्या पासवर्डचा उपयोग नाही. तो लावल्याने फाइलमधला मजकूर कुलूपबंद होत नाही, आउटलुक फक्त उघडताना विचारतं. तो काढणारी फुकट टूल्स आहेत आणि चहा संपायच्या आत काम होतं. पीएसटी सामायिक फोल्डरवर ठेवून दोन मशीनवरून उघडायची युक्तीही करू नका, नेटवर्कवरून उघडलेल्या पीएसटी बिघडतात आणि मायक्रोसॉफ्ट स्वतःच ती पद्धत मान्य करत नाही.

तर त्या दोन्ही फाइल्स सर्व्हरवर चढवायच्या. त्याआधी आउटलुक बंद करून प्रत्येक फाइलची जशीच्या तशी प्रत एका बाहेरच्या डिस्कवर घ्या, डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट करायचं साधन) लावा, आणि फाइलचा हॅश काढून कागदावर लिहून ठेवा. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा, आत एक अक्षर बदललं तरी बदलतो. तो कशाला लागतो ते पुढे सांगतो. मग मेल चढवा, वर्षनिहाय मेलची संख्या दोन्हीकडे जुळवा, आणि जुळल्यावरच डेस्कटॉपवरची फाइल काढा. घाईने केलेलं हे काम मला दोनदा निस्तरावं लागलंय.

लॅपटॉपचं सोपं आहे: डिस्क एन्क्रिप्ट असलीच पाहिजे. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर आहे, होम आवृत्तीत पूर्ण बिटलॉकर मिळत नाही, आणि आपल्याकडे कॉलेज रोडच्या दुकानातून आलेले निम्मे लॅपटॉप होमवाले असतात. पुढच्या खरेदीत प्रो मागा, तिथे पैसे वाचवू नका. ४८ आकड्यांची रिकव्हरी की कंपनीच्या अ‍ॅडमिनकडे जमा झाली पाहिजे. ती त्या लॅपटॉपवरच टेक्स्ट फाइलमध्ये ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे तशी मशीन राहिली असतील तर त्यांचा निर्णय आता लांबवता येणार नाही. आउटलुकमध्ये 'किती महिन्यांचे मेल ऑफलाइन ठेवायचे' ही पट्टी असते, ती तीन महिन्यांवर आणा. बाकीचे सर्व्हरवरून दिसतातच, आणि लॅपटॉप हरवला तर हरवतात ते तीन महिने, बारा वर्षं नव्हेत.

हे आत्ताच करून घ्या म्हणतोय त्याला एक नाशिकचं कारणही आहे. सिंहस्थात पर्वणीच्या आसपास शहरातली वाहतूक वळवली जाते. २०२७ मध्ये तेच होणार, आणि ऑफिसच्या बऱ्याच स्टाफला घरून काम करावं लागेल. आजवर कारखान्याबाहेर न गेलेली मशीनं तेव्हा पिशवीतून पंचवटी, सिडको, नाशिकरोडला जातील आणि घरच्या वायफायवर चालतील.

मोबाइलवर जरा थांबतो, कारण इथे गोष्ट तंत्राची कमी आणि माणसांची जास्त आहे. मोबाइल कर्मचाऱ्याचा, पैसे त्याचे, आणि तुम्ही म्हणताय त्यावर कंपनीचं काहीतरी टाका. सिन्नरच्या एका प्लांटमध्ये क्वालिटीचा सुपरवायझर फोन हातात घट्ट धरून म्हणाला, "दादा, एकच सांगा. माझे घरचे फोटो साहेबांना दिसणार का?" रास्त प्रश्न आहे. मी त्याच्याच फोनवर दाखवलं. अँड्रॉइडमध्ये वर्क प्रोफाइल नावाचा वेगळा कप्पा तयार होतो. कंपनीच्या अ‍ॅपवर छोट्या ब्रीफकेसची खूण येते. कप्प्याच्या आतला मेल, कॅलेंडर आणि फाइल्स कंपनीच्या, बाहेरचे फोटो, व्हॉट्सअ‍ॅप, बँक त्याची. अ‍ॅडमिनला बाहेरचं दिसत नाही आणि पुसताही येत नाही. आतलं पुसता येतं आणि आतली फाइल बाहेरच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चिकटवण्यावर बंदी घालता येते. त्याने स्वतः प्रयत्न करून पाहिला, जमलं नाही तेव्हा हसला आणि शेजारच्याला बोलावून आणलं. त्या दिवशी तिसऱ्या शिफ्टपर्यंत २६ फोन झाले. सक्तीचं परिपत्रक काढलं असतं तर महिना गेला असता. आयफोनमध्येही कंपनीचा भाग वेगळा ठेवायची सोय आहे, पडद्यावर इतका ठळक दिसत नाही इतकंच.

ज्याला कप्पा नको, त्याला मोबाइलवर मेल नाही, ब्राउझरमधून ऑफिसच्या मशीनवर बघावा. नियम मालकांनाही लागू. बहुतेक ठिकाणी गाडी अडते ती तिथे.

आता तो नोकरी सोडून गेलेला गडी. त्याच्या फोनवर मेल दिसत असतील का? नुसता पासवर्ड बदलला असेल तर नवे मेल यायचे थांबले असतील, पण आधी उतरलेले मेल फोनवर असू शकतात. फोन कुठल्याच व्यवस्थेत नोंदवलेला नव्हता म्हणजे ते आता तुम्हाला दुरून पुसता येणार नाहीत. नोकरीच्या कराराचा आधार घेऊन वकिलांकडून पत्र पाठवता येईल, तांत्रिक उपाय उरलेला नाही. त्याच्या खात्यात मात्र आजच जाऊन बघा: सगळ्या ठिकाणांहून साइन आउट केलंय का, अ‍ॅप पासवर्ड (एखाद्या मेल अ‍ॅपसाठी काढलेले वेगळे पासवर्ड) शिल्लक आहेत का, रिकव्हरीला त्याचा खासगी नंबर आहे का, बाहेर कुठे ऑटो-फॉरवर्ड लावलंय का. आणि सेल्सच्या सामायिक आयडीचा पासवर्ड बदला. तो त्याला पाठ असणार. खरं तर सामायिक पासवर्ड हा प्रकारच बंद करा, त्या पत्त्याचा ग्रुप किंवा शेअर्ड मेलबॉक्स करा. प्रत्येक जण आपल्या लॉगिनने आत येईल, आणि कोणी काय केलं ते नंतर कळेल.

पण घाईत त्याचं खातं डिलीट करू नका. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून ठासून सांगतो. एका कंपनीत दर महिन्याचं लायसन्स वाचवायला सोडून गेलेल्या परचेस मॅनेजरचं खातं मी उडवलं. दोन महिन्यांनी पुरवठादाराशी दराचा वाद निघाला आणि मान्य केलेला दर फक्त त्याच्या मेलमध्ये होता. गूगल वर्कस्पेसमध्ये डिलीट केलेलं खातं २० दिवसांपर्यंत परत आणता येतं, मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ३० दिवस. मी साठाव्या दिवशी शोधत होतो. व्हॉल्ट (गूगलची मेल राखून ठेवायची सोय) घेतलेलं असलं तरी खातं डिलीट केलं की गूगलवरचा त्याचा साठाही जातो, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. त्यासाठी अर्काइव्ह्ड यूजर असं कमी दराचं लायसन्स असतं. मायक्रोसॉफ्टकडे खातं काढण्याआधी मेलबॉक्सवर होल्ड (पुसायला बंदी) लावला तर तो निष्क्रिय मेलबॉक्स म्हणून राहतो. आधी होल्ड, मग डिलीट, हा क्रम उलटा करू नका.

ऑटो-फॉरवर्ड बघा म्हटलं, तसेच मेलबॉक्समधले बाकीचे नियमही बघा. त्यामागे एक प्रकरण आहे. पिंपळगाव बसवंतच्या बाजूचे द्राक्ष निर्यातदार, फेब्रुवारीचा ऐन हंगाम, नेदरलँड्सच्या आयातदाराचे पैसे येईनात. फोन केला तर तो म्हणतो, "तुम्ही नवा बँक खाते क्रमांक पाठवलात, त्यावर भरले." यांनी असा मेल पाठवलाच नव्हता. मी मेलबॉक्सचे नियम उघडले. एक नियम होता, नाव फक्त एक टिंब. आयातदाराच्या डोमेनवरून आलेला प्रत्येक मेल 'आरएसएस फीड्स' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचा आणि वाचलेला दाखवायचा. ते फोल्डर आयुष्यात कोणी उघडत नाही. चोर तिथे बसून तीन आठवडे मेल वाचत होता, उत्तरं देत होता, कंटेनर कधी निघणार तेही त्याला माहीत होतं. कारण काय, तर डॉक्युमेंटेशनच्या मुलाने बनावट लॉगिन पानावर पासवर्ड भरला होता आणि लॉगिनची दुसरी पायरी (पासवर्डनंतरचा ओटीपी किंवा तत्सम खात्री) चालू नव्हती.

म्हणून टू-स्टेप सगळ्यांना, अपवाद न करता. एसएमएसच्या ओटीपीपेक्षा अ‍ॅप बरं, अ‍ॅपपेक्षा पासकी (पासवर्डऐवजी फोन किंवा लॅपटॉपमध्येच राहणारी किल्ली) किंवा सिक्युरिटी की (यूएसबीसारखी छोटी किल्ली) बरी, कारण बनावट पान ओटीपी मागून लगेच वापरू शकतं, पासकी मात्र चुकीच्या डोमेनवर चालतच नाही. मालक, अकाउंट्स आणि अ‍ॅडमिनला तरी की घ्याच. बाहेर ऑटो-फॉरवर्ड संपूर्ण कंपनीसाठी बंद. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (तुमच्या नावाने बनावट मेल जाऊ नयेत म्हणूनच्या नोंदी) तुमच्या डोमेनला लावलेत का ते होस्टिंगवाल्याला विचारा, एका दुपारचं काम आहे. आणि बँक खाते बदलल्याचा मेल आला की जुन्या, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही.

असं काही घडलंच तर पैशांसाठी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, तास मोलाचे असतात. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात आणि लॉग (कोण कधी आत आलं, काय केलं याच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे असतात. लॉग ठेवले नसतील तर चोर आत कधी आला हेच सांगता येत नाही.

आता जुन्या मेलच्या साठ्याकडे. बॅकअप आणि अर्काइव्ह यांत लोक गल्लत करतात. बॅकअप म्हणजे कालची स्थिती परत आणायची सोय. कर्मचाऱ्याने मेल सकाळी वाचून सकाळीच पुसला आणि कचराही रिकामा केला, तर रात्रीच्या बॅकअपला तो दिसणारच नाही. अर्काइव्हमध्ये मेल येताक्षणी किंवा जाताक्षणी त्याची नोंद पडते, आणि वापरणाऱ्याने त्याच्या बाजूने पुसलं तरी ती ठरलेल्या मुदतीपर्यंत राहते. तुम्हाला दोन्ही लागतील, पण एकच परवडत असेल तर आधी अर्काइव्ह.

किती वर्षं ठेवायचे? ऑडिटर 'सगळं ठेवा' म्हणतो, कारण जागा त्याची नसते. कायद्याचं गणित वेगळं आहे. कंपनी कायदा २०१३ मध्ये हिशोबाची पुस्तकं आणि संबंधित व्हाउचर ८ आर्थिक वर्षं ठेवायची आहेत. जीएसटीत वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. हे नियम मेलसाठी लिहिलेले नाहीत, पण पीओ किंवा डेबिट नोट फक्त मेलमध्येच असेल तर तो मेलच तुमचा कागद झाला. म्हणून सेल्स, परचेस, अकाउंट्स आठ-नऊ वर्षं. ग्राहकाने करारात ड्रॉइंग आणि पीपॅपच्या (ग्राहकाकडून भाग मंजूर करून घ्यायची कागदपत्रं) नोंदींची मुदत वेगळी दिली असेल तर ती. आणि एचआरच्या मेलबॉक्समध्ये साठलेले नोकरी न दिलेल्या मुलांचे बायोडेटा, आधारच्या झेरॉक्स? त्या काढून टाका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा काम संपल्यावर अशी माहिती साठवून ठेवायला सांगत नाही, आणि जे जवळ नाही ते चोरीला जात नाही. चालू वाद किंवा कोर्टकेसमधल्या मेलना मात्र हात लावायचा नाही, त्यांच्यावर होल्ड.

कोर्टावरून हॅशची गोष्ट. इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत दिली तर सोबत प्रमाणपत्र लागतंच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात स्पष्ट केलं. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून निघालेला खटला तो. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्याच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. मेलची प्रिंट काढून त्यावर शिक्का मारून दिलेली मी पाहिली आहे, समोरच्या वकिलाने ती दोन मिनिटांत उडवली. मेल मूळ स्वरूपात, हेडरसकट निर्यात झाला पाहिजे. तुमच्या पीएसटींचा हॅश कागदावर लिहायला सांगितला तो यासाठी.

अर्काइव्हला कोण हात लावू शकतो, हा प्रश्न मालकांना आवडत नाही. ४५ जणांचे मेल एका खिडकीतून शोधता येतात, म्हणजे त्या खिडकीची चावी ज्याच्याकडे त्याच्याकडे सगळी कंपनी. शोधायचा अधिकार रोजच्या अ‍ॅडमिन खात्याला देऊ नका, वेगळं खातं करा, त्याला सिक्युरिटी की लावा, आणि प्रत्येक शोधाची नोंद दुसऱ्या कोणाला तरी दिसेल असं बघा. आयटीवाला शोधतो आणि नोंद डायरेक्टर बघतात, ही जोडी चालते. निर्यात केलेली फाइल एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवरच जाईल, आणि तिचा पासवर्ड डिस्कसोबत जाणार नाही. दर तीन महिन्यांनी कोणीतरी म्हणावं, 'चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या आठवड्यातला अमुक पुरवठादाराचा मेल काढून दाखवा.' निघाला नाही तर अर्काइव्ह नाही असं धरा.

आता सॉफ्टवेअर. ४५ जणांसाठी स्वतःचा मेल सर्व्हर ठेवू नका, तो सांभाळायला माणूस लागतो आणि तो माणूस पुण्याला निघून जातो. गूगल किंवा मायक्रोसॉफ्टचा असा प्लॅन घ्या, ज्यात मोबाइलचं नियंत्रण आणि मेल राखून ठेवायची सोय दोन्ही आहेत. सगळ्यात स्वस्त प्लॅनमध्ये सहसा दोन्ही एकत्र मिळत नाहीत, विक्रेत्याकडून लेखी घ्या. शॉपफ्लोअरवर दिवसात दोन मेल बघणाऱ्यांना स्वस्त प्लॅन आणि टेबलावरच्यांना मोठा, असं मिश्रण करता येतं. आधीच घेतलेल्या प्लॅनमध्ये निम्म्या गोष्टी असतात, फक्त चालू केलेल्या नसतात, तेही बघा.

शेवटी ते दोन डेस्कटॉप. पीएसटी चढवून झाल्या, आकडे जुळले, की भंगारवाल्याला देण्याआधी डिस्क बाहेर काढा. फॉरमॅट करून भागत नाही, मेल परत निघतात. तुमच्याकडे ड्रिल मशीन आहेच. जुन्या हार्ड डिस्कला आतल्या तबकड्यांतून आरपार तीन-चार भोकं पाडा, गॉगल घालून, काही तबकड्या काचेच्या असतात. एसएसडी असेल तर वरचं झाकण काढून प्रत्येक मेमरी चिपमधून ड्रिल गेलं पाहिजे, नुसत्या पत्र्यातून गेलं तर काहीच झालं नाही.